इंजिन धुवायचं नाही, पुसायचं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवरची गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. काही वर्षांपूर्वी त्या रांगेत मीही होतो. आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक, पावसाळ्यात दोनदा ताम्हिणीतून जाऊन आलेली, चाकांपासून काचेपर्यंत चिखलाने माखलेली. बाहेरून धुऊन झाल्यावर तिथल्या मुलाने विचारलं, "काका, इंजिन पण मारू का?" मी म्हटलं, "मार." त्याने बॉनेट उघडलं, नुकत्याच बंद केलेल्या इंजिनावर डिझेल फवारलं आणि वरून प्रेशरने पाणी सोडलं. पाच मिनिटांत इंजिन शोरूममधल्यासारखं दिसायला लागलं. घरी पोचेपर्यंत गाडी उचक्या देत होती आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घातली, ती तीन सिलिंडरवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या गाडीला.

गॅरेजवाल्या काकांनी कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, उपसून काढली, प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारला आणि मला वाकून बघायला लावलं. तळाशी पाणी साचलेलं. ते त्यांनी हवेने उडवलं, प्लग बदलला, कॉइल उन्हात वाळवून पाहिली. शेवटी तीही बदलावीच लागली. पैसे घेताना म्हणाले, "इंजिन धुवायचं नसतं हो. पुसायचं असतं."

तेव्हापासून दर वर्षी पावसाळा संपला की हे काम मी घरीच करतो. अडीच-तीन तास जातात आणि पाणी अर्धी बादलीसुद्धा लागत नाही. खाली लिहिलंय ते साध्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसत असतील, म्हणजे गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल, तर वरवरची धूळ कोरड्या फडक्याने झटका आणि बॉनेट लावून टाका. त्या केबलमधला विद्युतदाब जीव घेण्याइतका असतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी मालकाच्या पुस्तिकेत इंजिन साफ करण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पाकिटात कोरी करकरीत पडलेली असते.

पावसात भिजतंच की, मग?

हा प्रश्न मलाही पडला होता. पावसाचं पाणी बॉनेट अडवतं. खालून उडतं ते शिंतोड्यांच्या रूपात. सेन्सर आणि इंजेक्टरच्या (इंधन फवारणाऱ्या भागांच्या) कपलरना, म्हणजे वायरींच्या जोडांना, रबरी सील असतात आणि शिंतोडे झेलण्याइतके ते चांगले असतात. गाड्यांमधले बरेच कपलर आयपी६७ दर्जाचे असतात, म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवले तरी आत पाणी जाऊ नये असे. पण बुडवणं वेगळं आणि धार मारणं वेगळं. जवळून मारलेल्या उच्च दाबाच्या धारेसाठी आयपी६९के हा निराळा दर्जा आहे, आणि तुमच्या बॉनेटखालचा प्रत्येक कपलर त्यात बसतो असं कुणी लिहून दिलेलं नाही. त्यातून दहा-बारा वर्षांच्या गाडीत ते सील उष्णतेने कडक झालेले असतात. घरगुती प्रेशर वॉशरच्या खोक्यावरही १०० बारच्या वरचा आकडा छापलेला असतो. तुलनेसाठी सांगतो, टायरमधली हवा साधारण २ बारची असते.

अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, सीलच नसतो. आतली उष्णता बाहेर जावी म्हणून त्याच्या अंगाला खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यातून साबणाचं पाणी शिरलं की बेअरिंगमधलं ग्रीस आणि ब्रशची काळी भुकटी दोन्ही एकत्र कालवली जातात. त्याचा आवाज लगेच येत नाही, दोन-तीन महिन्यांनी येतो. तोवर धुतलेलं आपण विसरलेलो असतो.

गरम इंजिनावर गार पाणी मारलं की धातू एका बाजूने झटकन आकसतो. इंजिनातला धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेकडो अंश तापलेला असतो. त्याला तडा जाऊ शकतो किंवा तो वाकू शकतो. त्याच तापलेल्या लोखंडावर रॉकेल किंवा पेट्रोल पडलं तर काय होईल ते सांगायला नको. आणि ते डिझेल! "डिझेल मारलं की रबर मऊ राहतं" हा समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलाय. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे पाइप ज्या जातीच्या रबराचे असतात ते रबर खनिज तेलाने फुगतं आणि पोचट होतं. सुरुवातीला चकाकतं, म्हणून मऊ झाल्यासारखं वाटतं इतकंच. वर डिझेलचा ओशटपणा आठवड्याभरात दुप्पट धूळ पकडतो.

दिवस कोणता, वेळ कोणती

ऑक्टोबरची हीट माणसाला नकोशी, या कामाला मात्र अगदी हवी तशी. हवा कोरडी असते आणि कानाकोपऱ्यातला ओलावा दुपारपर्यंत उडून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका, दोन दिवस झाले तरी कपलरच्या बेचक्या ओल्याच राहतात. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर तांबड्या मातीच्या जोडीला खारी हवाही असते. तिथे वर्षातून दोनदा केलं तर बरं.

गाडी रात्रभर उभी असावी आणि काम सकाळी लवकर सुरू करावं. बॉनेट उघडण्याआधी त्यावर दोन थापा मारा. आत मांजर झोपलेलं असतं, गावाकडे क्वचित जनावरही निघतं. मग इंजिनाच्या धातूवर तळहात ठेवा. निवांत ठेवता आला तर कामाला लागा, झटकन उचलावा लागला तर चहा घेऊन या.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये) उभी करा. किल्ली खिशात ठेवा, गाडीत नाही. पुढे बॅटरीची वायर काढायची आहे आणि तेव्हा रिमोट चालणार नाही.

पुसण्याआधी वाचा

मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटते ती हीच पायरी, आणि वॉशिंग सेंटरवर नेमकी हीच होत नाही. बॉनेटखालची घाण म्हणजे तुमच्या गाडीची जन्मकुंडली असते. ती वाहून गेली की गळती कुठून होते हे सांगणारा साक्षीदारच गेला.

टॉर्च घ्या. आधी मोबाइलवर दहा-पंधरा फोटो काढा. डावीकडून, उजवीकडून, वरून, आणि शक्य असेल तर हात खाली घालून खालूनही. मग बघा. सगळीकडे सारखी पसरलेली कोरडी, फिकी धूळ असेल तर ती नुसती धूळ. एकाच ठिकाणी काळी, ओली, चिकट मळी असेल तर तिथे तेल येतंय आणि त्यावर धूळ बसतेय. ती कुठून सुरू होते ते शोधायला नजर वर न्या, कारण तेल खाली ओघळतं. डाग जिथे दिसतो तिथे गळती नसते, तिच्या वर कुठेतरी असते.

टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेने काळी रेघ असेल तर त्याचं पॅकिंग म्हातारं झालंय. हे फार गाड्यांत होतं आणि खर्च फारसा नसतो. ऑइल फिल्टरच्या भोवती ओलं असेल तर मागच्या सर्व्हिसला फिल्टर नीट बसला नव्हता. रेडिएटरच्या पाइपच्या क्लिपपाशी हिरवट, गुलाबी किंवा पांढरट पापुद्रा म्हणजे वाळलेलं कूलंट. ब्रेक ऑइलच्या डबीखाली रंग फुगलेला, सुटलेला दिसला तर ब्रेक ऑइल झिरपतंय, कारण ते रंग खातं. ही गोष्ट मेकॅनिकला त्याच दिवशी दाखवायची. टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या भागाच्या) पाइपच्या जोडावर थोडा ओशटपणा असतोच, त्याने घाबरून जाऊ नका. पण डिझेलच्या बारीक धातूच्या नळ्या ओल्या दिसल्या तर त्यांना हात लावू नका आणि इंजिन चालू ठेवून तर मुळीच बघू नका. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल मिळतं अशा इंजिनात, त्या नळ्यांमध्ये १००० बारच्या वर दाब असतो आणि त्या दाबाची सुईसारखी धार कातडीतून आत घुसते. पेट्रोलचा वास येत असेल तर बॉनेट उघडं ठेवा, साफसफाई रद्द करा आणि मेकॅनिकला बोलवा.

वायरींवर दातांच्या खुणा, गादीचा भुगा, शेंगांची टरफलं दिसली तर उंदीरमामांचा मुक्काम आहे. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

जमवाजमव

दुकानातून आणायची खरी गोष्ट एकच, पाण्यावर आधारलेला इंजिन डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं द्रावण. बाटलीवर पाण्याचं जे प्रमाण दिलं असेल तेच पाळा. "जरा कडक करू" म्हणून घट्ट ठेवला की ॲल्युमिनियमवर पांढरे डाग पडतात. संडास-नाली साफ करायची कॉस्टिकची पावडर किंवा ओव्हन क्लीनर ॲल्युमिनियम खातात, त्यांना हातही लावू नका. मळ साधारणच असेल तर भांड्याच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब लिटरभर कोमट पाण्यात, एवढ्यानेही भागतं.

बाकी घरातलंच. दोन स्प्रेच्या बाटल्या, एक डिग्रीझरची आणि एक साध्या पाण्याची. दोन इंची रंगाचा ब्रश. त्याच्या मानेला असलेल्या पत्र्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर तो पत्रा नको तिथे टेकतो. जुने टूथब्रश. जुन्या बनियनची भरपूर फडकी, कारण शेवटी ती फेकायचीच असतात. दोन मायक्रोफायबर. प्लास्टिकच्या पिशव्या, रबर बँड, चिकटपट्टी. आइस्क्रीमच्या काड्या. बॅटरीसाठी पाना, बहुतेक मारुती आणि ह्युंदाईला १० नंबरचा लागतो. हातमोजे आणि डोळ्यांना साधा पारदर्शक गॉगल. गॉगल लावताना हसू येतं, पण ब्रशचे केस उडवतात ते शिंतोडे नेमके डोळ्यांकडेच येतात. गाडीखाली अंथरायला जुनं खोकं फाडून केलेला पुठ्ठा आणि रद्दी.

आता कामाला

पहिल्यांदा बॅटरी. निगेटिव्हची, म्हणजे वजा चिन्हाची वायर आधी सोडवा. हा क्रम उगीच नाही. गाडीची बॉडी स्वतःच निगेटिव्ह असते, त्यामुळे वजाचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. अधिक चिन्हाचा नट आधी सोडवायला गेलात आणि पाना टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. वजाच्या टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर त्याला पिळू नका. वायर फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. वायर काढायचं आणखी एक कारण आहे. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, आणि त्या वेळी तुमची बोटं त्याच्याजवळ असतात.

पुढचा टप्पा पूर्ण कोरडा. पानं, काड्या, फुलं हातानेच काढा. वायपरच्या खाली जी काळी जाळी असते, जिला गॅरेजवाले काऊल म्हणतात, तिच्याकडे विशेष लक्ष द्या. तिथल्या कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोकं असतात. ती पानांनी तुंबली की पावसाचं पाणी एसीच्या हवेच्या वाटेने थेट पायाखालच्या मॅटवर येतं आणि माणूस दाराचं रबर बदलत बसतो. आमच्या काऊलमध्ये दर वर्षी मागच्या दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या सापडतात, अर्ध्या कुजलेल्या. भोकात मऊ तार फिरवा आणि ग्लासभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतंय ना, ते बघा. इथे एवढं पाणी चालतं.

मग रंगाच्या कोरड्या ब्रशने सगळीकडची धूळ सैल करा. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी दुसऱ्या हातात धरली तर फारच छान, नसेल तर सायकलचा पंप किंवा ब्लोअर. चिकट मळीचे जाड थर आइस्क्रीमच्या काडीने खरवडून थेट रद्दीवर घ्या. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. जेवढी घाण कोरडी निघेल तेवढं पाणी पुढे कमी लागेल. शिवाय तेलाचा हा गोळा सोसायटीच्या गटारात न जाता कागदात राहतो. धुऊन काढलं असतं तर तो पावसाळी नाल्यात गेला असता. फक्त उंदरांच्या लेंड्या दिसत असतील तर हा कोरडा टप्पा तिथे वगळा.

आता झाकाझाकी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक), एअर फिल्टरचं तोंड आणि उघडे दिसणारे कपलर यांना पिशव्या घालून रबर बँड लावा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्यूटर आणि कॉइलही झाका. इंजिन ऑइलचं झाकण, डिपस्टिक, कूलंट आणि ब्रेक ऑइलची झाकणं घट्ट आहेत ना, ते चाचपून बघा. पिशव्या मोजा आणि आकडा लक्षात ठेवा. मी तर काचेवर मार्करने लिहून ठेवतो, कारण एकदा आठवडाभर पिशवी आतच फडफडत होती आणि मी तो आवाज बेअरिंगचा समजत होतो.

डिग्रीझर इंजिनावर मोकाट फवारायचा नाही. फडक्यावर किंवा ब्रशवर मारायचा आणि मग लावायचा. प्लास्टिकची कव्हरं, बॉनेटच्या आतला पत्रा आणि बाजूच्या भिंती इथे थेट फवारा चालतो. खालून वर या. वरून सुरुवात केली तर ओघळ खालच्या कोरड्या मळावर जातात आणि त्यांच्या रेघा पडतात. एका वेळी वहीच्या दोन पानांएवढाच भाग घ्या. तीन-चार मिनिटं मुरू द्या, वाळू मात्र देऊ नका. टूथब्रशने घासा, फडक्याने टिपून घ्या आणि मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा. पाण्याची बाटली लागलीच तर तिचा फवारा धुक्यासारखा बारीक ठेवा आणि तोही झाकलेल्या भागांपासून लांब.

प्लगच्या आणि इंजेक्टरच्या आसपास फवारा नाहीच. तिथे फक्त जवळजवळ कोरडं फडकं, बोटाला गुंडाळून. फॅन बेल्टला डिग्रीझर, तेल, पॉलिश काहीच लावायचं नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला काळी गादी असेल तर ती भिजवू नका, नुसती झटका. ती पाणी स्पंजसारखी धरून ठेवते आणि नंतर थेंबथेंब इंजिनावर सोडते.

रेडिएटरच्या आणि त्याच्या पुढच्या एसी कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत किडे, माती आणि लिंबू-मिरचीचे अवशेष अडकलेले असतात. पत्रे नखानेही वाकतात. मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेनेच फिरवा, त्यांना आडवा फिरवू नका. कूलंट सांडलेलं असेल तर लगेच पुसा आणि ते फडकं उघड्यावर टाकू नका. चवीला गोडसर असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि ते विष असतं.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी

ती बुरशी नसते, आम्लाने तयार झालेला क्षार असतो. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला, टूथब्रश त्यात बुडवून टर्मिनल घासा. फेस येतो आणि तो थांबला की आम्ल मेलं. पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, आतल्या आम्लात सोडा गेला तर बॅटरी कामातून जाते. स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि वायर परत जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. गॉगल आणि मोजे अजून अंगावर असायला हवेत.

उंदीरमामा

लेंड्या किंवा मुताचे डाग दिसले तर कोरड्या ब्रशने उडवू नका आणि व्हॅक्यूमही लावू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू पसरतात. मुंबई-कोकणात दर पावसाळ्यात हे नाव ऐकतोच आपण. आधी तो भाग साबणाच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने नुसता ओला करा, दहा मिनिटं थांबा, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा. घरट्याच्या चिंध्या एक्झॉस्टजवळ असतील तर त्या शेवटच्या काडीपर्यंत निघायला हव्यात, कारण त्यांना आग लागते.

कुरतडलेली वायर सापडली तर तिच्यावर घरी नुसती टेप गुंडाळून समाधान मानू नका. आतली तांब्याची तार तुटलेली असू शकते. उंदरांवर उपाय म्हणून तंबाखूच्या पुड्या, डांबर गोळ्या, फिनाइल, कापूर असे सगळे प्रयोग आमच्या सोसायटीत झालेत. वायरींवरचा ओशटपणा आणि खाण्याच्या पदार्थांचा वास गेला की त्यांची ये-जा कमी होते एवढं मात्र मला दिसलंय. गाडी रोज चालवली तर आणखी कमी होते.

सीएनजी असेल तर

काम सुरू करण्यापूर्वी डिकीतल्या टाकीचा हाताने फिरवायचा वॉल्व्ह बंद करा. बाहेरून बसवलेल्या किटच्या वायरींचे जोड कंपनीच्या कपलरइतके बंदिस्त नसतात, कित्येकदा नुसती टेप असते. रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस इंजेक्टरची पट्टी आणि किटचा छोटा ईसीयू या तिन्हींना पाण्याचा थेंब नको. त्यांच्याभोवती कोरडं फडकं वापरा आणि जोड ओढू नका. गॅसचा वास आला तर थांबायचं. वॉल्व्ह परत उघडल्यावर नळीच्या जोडांवर साबणाच्या फेसाचा बोळा लावून बुडबुडे येतात का ते बघता येतं. आले तर वॉल्व्ह पुन्हा बंद करून पेट्रोलवर गाडी किटवाल्याकडे न्या.

वाळवणं आणि सुरू करणं

पिशव्या लगेच काढा. आत अडकलेला दमटपणा बाहेरच्या पाण्याइतकाच वाईट. आकडा जुळवा. सगळ्या बेचक्या कोरड्या मायक्रोफायबरने टिपा, आणि बॉनेट उघडं ठेवून गाडी तासभर उन्हात उभी ठेवा. घाई असेल तर सायकलच्या पंपाने किंवा हेअर ड्रायरच्या गार हवेने कपलरभोवती फुंकर मारा. गरम हवेने प्लास्टिक वाकतं.

बॅटरी जोडताना क्रम उलटा, आधी अधिक, मग वजा. घड्याळ, रेडिओ आणि काचेचं एका बोटाने वर जाणं हे परत लावावं लागेल. काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो, तो पुस्तिकेबरोबरच्या कार्डावर असतो. पुस्तिका वाचली असती तर हे आधीच कळलं असतं, असं बायको म्हणाली होती.

गाडी मोकळ्या जागी सुरू करा आणि बॉनेट उघडं ठेवूनच दहा-पंधरा मिनिटं न्यूट्रलवर चालू द्या. ओढणी, सैल बाह्या, लोंबणारी आयडी कार्डं पंखा-बेल्टपासून दूर. एक्झॉस्टवरून थोडी वाफ आणि साबणाचा वास येतो, ते ठीक. बेल्ट मिनिटभर चिरकला तर ओलावा आहे, जाईल. पण गाडी थरथरत असेल तर बंद करा, प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे का ते बघा किंवा कुणाकडून बघून घ्या. इंजिनाचा दिवा स्थिर पेटला असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग असतो. मी त्या दिवशी तसाच घरी आलो होतो. नशीब म्हणून वाचलो.

चकाकीचं म्हणाल तर मी काही लावत नाही. विकणारे सिलिकॉनचा स्प्रे हमखास गळ्यात मारतात. तो तेलकट असतो आणि पंधरा दिवसांत त्यावर पिठासारखी धूळ बसते. लावायचंच असेल तर पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग, थोडंसं, फडक्यावर घेऊन, फक्त प्लास्टिकच्या कव्हरांना. बेल्ट आणि एक्झॉस्टच्या जवळपास नाही.

रात्रभर पुठ्ठा

संध्याकाळी गाडी लावताना इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि सकाळी बघा. तपकिरी-काळा ठिपका असेल तर इंजिन ऑइल, हिरवा-गुलाबी-निळा असेल तर कूलंट, लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल, फिकट पिवळसर आणि चाकाच्या बाजूला असेल तर ब्रेक ऑइलचा संशय धरायचा. रंग-वास काहीच नसेल तर एसीचं पाणी. मग आठवड्याने पुन्हा बॉनेट उघडून पुसण्याआधीचे फोटो शेजारी धरायचे. आता सगळं स्वच्छ असल्यामुळे नवीन ओलावा बोटभर असला तरी उठून दिसतो.

गेल्या वर्षी असंच बघताना टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी मळीचा ढीगच असायचा, तिथे एक बारीक ओली रेघ दिसली. फोटो काढला आणि गॅरेजवाल्या काकांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पॅकिंग आहे. शनिवारी आणा, तासाभराचं काम."